पायऱ्यांचा बंधारा : मोडलेली ऊर्जा आणि उरलेली ऊर्जा

एका शिक्षक-शिबिरात आम्ही तीस-पस्तीस शिक्षकांबरोबर गावाबाहेरच्या ओढ्यावर गेलो होतो. ओढ्यात सिमेंटचा छोटा बंधारा होता. त्याची खालच्या अंगाची बाजू सरळ उतरती न ठेवता पायऱ्यापायऱ्यांची केली होती. एका शिक्षकांनी मुलांना सांगावे तसे सर्वांना समजावून सांगितले, "पायऱ्यांवर आपटून आपटून पाण्याची ऊर्जा नष्ट होते, म्हणून खालचे पात्र खचत नाही." वाक्य नीटनेटके होते. अडचण एवढीच होती, की शेवटच्या पायरीखाली माणूसभर खोल खड्डा पडला होता आणि डावा काठ दहा-बारा पावले आत खचला होता.

हे पाहून दुसऱ्या एक शिक्षिका हळूच म्हणाल्या, "मग सर, नष्ट झालेली ऊर्जा हा खड्डा कशाने खणते?"

हा लेख त्या प्रश्नासाठी लिहीत आहोत. पायऱ्यांच्या बंधाऱ्याविषयी जे वाक्य पुस्तकांत, माहितीफलकांवर आणि आमच्यासारख्यांच्या व्याख्यानांतही सर्रास येते, त्याची तपासणी येथे करायची आहे. वाक्य खोटे नाही. ते अर्धे खरे आहे, आणि अर्धे खरे वाक्य वर्गात फार काळ टिकते.

आधी श्रेय द्यावे

पायऱ्यांची कल्पना जुनी आणि चांगली आहे. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया प्रांतात गोलबर्न नदीवर १८८७ ते १८९१ या काळात सिंचनासाठी बांधलेल्या बंधाऱ्याची खालची बाजू दगडी पायऱ्यांची आहे. न्यूयॉर्कला पाणी पुरवण्यासाठी बांधलेल्या आणि १९०६ मध्ये पूर्ण झालेल्या न्यू क्रोटन धरणाचा सांडवा पायऱ्यांचा आहे. पुढे काँक्रीट गुळगुळीत करण्याचे तंत्र सुधारले, उतारावरून वेगाने आलेले पाणी पायथ्याच्या कुंडात शांत करण्याचे शास्त्र तयार झाले आणि पायऱ्या मागे पडल्या. १९८० नंतर रोलरने थरावर थर दाबून काँक्रीटची धरणे बांधण्याची पद्धत आली. थरांमुळे पायऱ्या जवळजवळ आपोआप तयार होऊ लागल्या, आणि जगभरच्या प्रयोगशाळांत त्यांचा अभ्यास नव्याने सुरू झाला. लहान ओढ्यांसाठी जाळीत दगड भरून केलेल्या, म्हणजे गॅबियनच्या, पायऱ्यांचा अभ्यास फ्रान्समधील पेरास, रॉये आणि देगूत यांनी १९९२ मध्ये प्रसिद्ध केला. सपाट पायरी, वर उचललेली पायरी आणि कडेला उंबरठा असलेली पायरी असे प्रकार त्यांनी तपासून पाहिले.

पायऱ्या काय करतात ते आधी समजून घेऊ. तीन मीटर उंचीवरून पाणी काहीही अडथळा न होता घसरले, तर पायथ्याशी त्याचा वेग सेकंदाला साडेसात मीटरहून अधिक होईल, म्हणजे ताशी सुमारे २७ किलोमीटर. वाळू-मुरमाचे पात्र या वेगापुढे टिकत नाही. आता त्याच उतारावर अर्ध्या मीटरच्या सहा पायऱ्या करा आणि थोडे पाणी सोडा. पाणी पहिल्या पायरीच्या कडेवरून पडद्यासारखे खाली पडते, पायरीच्या सपाट भागावर आपटते, तेथे उसळते, संथ होते आणि मग दुसऱ्या कडेकडे जाते. म्हणजे प्रत्येक पायरीवर ते नव्याने पडायला सुरुवात करते. तीन मीटरची एक उडी मोडून अर्ध्या अर्ध्या मीटरच्या सहा उड्या होतात. माडीवरून उडी मारणे आणि जिना उतरणे यांत जो फरक आहे, तोच हा.

याशिवाय पायऱ्यांवरून फेसाळत जाणाऱ्या पाण्यात हवा भरपूर मिसळते. घाणेरड्या पाण्यात प्राणवायू वाढवण्यासाठी शिकागोजवळच्या कॅल्युमेट जलमार्गावर १९९० नंतरच्या दशकात मुद्दाम असे कृत्रिम धबधबे बांधले गेले. तेव्हा पायऱ्या म्हणजे केवळ शोभेची वस्तू आहे असे आम्ही मुळीच म्हणत नाही.

'नष्ट' हा शब्द

पहिला आक्षेप भाषेवर आहे. आठवी-नववीच्या वर्गात आपण ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम शिकवतो आणि पुढच्याच महिन्यात बंधाऱ्याजवळ उभे राहून ऊर्जा नष्ट झाली म्हणतो. हुशार विद्यार्थी गोंधळतो, बाकीचे दोन्ही वाक्ये पाठ करतात. दुसरा प्रकार जास्त वाईट.

पायरीवर आपटलेल्या पाण्यात मोठे भोवरे तयार होतात. मोठ्या भोवऱ्यांतून लहान, लहानांतून आणखी लहान भोवरे निर्माण होतात, आणि अगदी बारीक भोवरे पाण्याच्या चिकटपणामुळे विरून जातात. त्यांची गती शेवटी रेणूंच्या सैरावैरा हालचालीत, म्हणजे उष्णतेत, रूपांतरित होते. मग पाणी तापलेले का जाणवत नाही? हिशेब करून पाहावा. एक किलोग्रॅम पाणी तीन मीटर खाली आले तर सुमारे २९ जूल ऊर्जा मोकळी होते. तेवढेच पाणी एक अंश सेल्सिअसने तापवायला जवळजवळ ४,१९० जूल लागतात. म्हणजे तापमानवाढ एक अंशाच्या हजारात सात भाग. हात घालून तर सोडाच, शाळेच्या तापमापीनेही ती कळणार नाही. जोगच्या धबधब्याची उंची २५३ मीटर आहे. तेथेसुद्धा ही वाढ जेमतेम ०.६ अंश येते, आणि तीही बाष्पीभवनाने पाणी मुळीच निवले नाही असे धरले तर. जेम्स जूलने १८४५ मध्ये नायगारासाठी असाच हिशेब मांडला होता. 'पडल्याने पाणी तापते' हे त्याच्या काळी धाडसी विधान होते. आज ते नववीचे उदाहरण होऊ शकते.

पण सगळी ऊर्जा उष्णतेकडे जाताना वाटेत काहीच काम करत नाही, असे मात्र नाही. कुकडी नदीवर निघोजला जाऊन रांजणखळगे पाहावेत. भोवऱ्यात सापडलेल्या दगडगोट्यांनी घासून घासून काळ्या कातळात रांजणाएवढे खड्डे केले आहेत. ही 'मोडलेल्या' ऊर्जेचीच कारागिरी आहे. म्हणजे भोवरे हे ऊर्जेचे विसर्जनस्थान आहे, तसेच ते पहार हातात घेतलेले मजूरही आहेत. पायऱ्यांचा खरा उपयोग असा, की हे मजूर आपण सिमेंटवर किंवा दगडावर कामाला लावतो. मातीवर सोडत नाही. म्हणून 'ऊर्जा नष्ट होते' ऐवजी 'ऊर्जा बंधाऱ्याच्या अंगावर जिरवली जाते' असे म्हणावे. असे म्हटले की लगेच पुढचा प्रश्न येतो : किती जिरली, आणि जी जिरली नाही ती कोठे गेली?

टक्केवारीचे मोहक आकडे

येथे दुसरा आणि मुख्य आक्षेप आहे. पायऱ्यांविषयी बोलताना 'ऐंशी टक्के ऊर्जा जिरते' अशा तऱ्हेचे आकडे सांगितले जातात. असे आकडे उंच धरणांच्या सांडव्यांवर किंवा पाणी अगदी कमी असताना मिळतात. ते दोन-तीन मीटरच्या बंधाऱ्यावर आणि पुराच्या दिवशी लावणे म्हणजे हत्तीच्या मापाने शेळी मोजणे होय.

कारण पायऱ्यांवरचा प्रवाह नेहमी एकाच तऱ्हेचा नसतो. थोडे पाणी असताना ते वर सांगितल्याप्रमाणे पायरीपायरीने उतरते. पाणी वाढले की पायऱ्यांच्या कोपऱ्यांत कायम गरगरणारे भोवरे अडकून बसतात आणि मुख्य प्रवाह त्यांच्या डोक्यावरून, पायऱ्यांच्या कडांना चाटून, एकसंध घसरत जातो. पायऱ्या जणू पाण्यानेच बुजवल्या जातात. या अवस्थेतही भोवरे काही ऊर्जा खातात, गुळगुळीत उतारापेक्षा बरीच जास्त खातात; पण प्रत्येक पायरीवर नव्याने सुरुवात होण्याचा फायदा संपतो.

एक अवस्था संपून दुसरी केव्हा सुरू होते? कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठाचे एन. राजरत्नम यांनी १९९० मध्ये एक सोपी खूण सांगितली. बंधाऱ्याच्या माथ्यावर पाण्याची जी क्रांतिक खोली असते, ती पायरीच्या उंचीच्या सुमारे ०.८ पट झाली, की पाणी पायऱ्यांवरून घसरू लागते. क्रांतिक खोली काढणे अवघड नाही. एक मीटर रुंदीतून दर सेकंदाला किती घनमीटर पाणी जाते तो आकडा घ्या, त्याचा वर्ग करा, ९.८१ ने भागा आणि घनमूळ काढा.

आता आपल्या तीन मीटर उंच, अर्ध्या मीटरच्या सहा पायऱ्यांच्या बंधाऱ्याचे दोन दिवस पाहू.

पहिला दिवस श्रावणातला. मीटरभर रुंदीतून सेकंदाला १०० लिटर, म्हणजे ०.१ घनमीटर पाणी जात आहे. क्रांतिक खोली सुमारे १० सेंटिमीटर. पायरीच्या उंचीशी गुणोत्तर ०.२. पाणी पायरीपायरीने उतरते. जवळजवळ ८५ टक्के ऊर्जा जिरते. उरते ती साधारण शेवटच्या एका पायरीची, म्हणजे अर्ध्या मीटरपेक्षा थोड्या कमी उंचीची. हे तर्कालाही पटते. आधीच्या पाच उड्यांचा हिशेब त्या त्या पायरीवर पूर्ण झालेला असतो. उरलेल्या ऊर्जेचा दर मीटरभर रुंदीत सुमारे ०.४५ किलोवॉट भरतो.

दुसरा दिवस पुराचा. मीटरभर रुंदीतून सेकंदाला २ घनमीटर पाणी. क्रांतिक खोली सुमारे ७४ सेंटिमीटर, गुणोत्तर दीडच्या आसपास. पायऱ्या बुजल्या. इतक्या बुटक्या बंधाऱ्यावर अशा प्रवाहात ढोबळ मानाने ४० टक्के ऊर्जा जिरेल असे धरू. पाणी पायथ्याशी सेकंदाला साडेसहा मीटरच्या आसपास वेगाने पोचेल. माथ्यावरच्या खोलीसह एकूण ऊर्जेचा दर मीटरभर रुंदीत सुमारे ८० किलोवॉट. ४० टक्के जिरल्यावर उरले ४८ किलोवॉट.

टक्केवारी ८५ वरून ४० वर आली, म्हणजे निम्म्याहून थोडी कमी झाली. ऐकणाऱ्याला वाटते, ठीक आहे, पूर असतानाही पायऱ्या निम्मे काम करतात. पण पात्राच्या मातीला टक्केवारी कळत नाही. तिच्या वाट्याला काय येते? पहिल्या दिवशी ०.४५ किलोवॉट, दुसऱ्या दिवशी ४८. शंभर पटींहून जास्त! पाच अश्वशक्तीच्या बारा-तेरा पंपांची ताकद मीटरभर रुंदीच्या पट्ट्यात एकवटली आहे, असे समजा. शेवटच्या पायरीखालचा खड्डा कोण खणतो, या प्रश्नाचे हे उत्तर आहे.

म्हणून आमचे म्हणणे असे, की पात्राचे रक्षण हा विषय असेल तर 'किती टक्के जिरली' हे मोजमाप मुळातच चुकीच्या बाजूने घेतलेले आहे. ते बंधाऱ्याचे गुणपत्रक आहे. नदीला हवे आहे ते उरलेल्या ऊर्जेचे माप. अलीकडच्या शोधनिबंधांत उरलेल्या ऊर्जेचे आलेखही दिलेले असतात. व्याख्यानांत आणि फलकांवर मात्र टक्केवारीच राहते, कारण ती ऐकायला चांगली वाटते.

एका गोष्टीची नोंद येथे प्रामाणिकपणे करायला हवी. पूर आला की बंधाऱ्याच्या खालच्या बाजूचे पाणीही चढते. खालच्या पायऱ्या त्यात बुडतात, पडण्याची उंची घटते, आणि तळाला पाण्याची उशी मिळते. फार मोठ्या पुरात बुटका बंधारा दोन्ही बाजूंनी पाण्यात बुडून दिसेनासा होतो. त्यामुळे सर्वांत मोठा पूर हाच सर्वांत घातक असेल, असे नाही. वरून भरपूर पाणी येत आहे पण खालचे पाणी अजून चढलेले नाही, असा मधलाच पूर पुष्कळदा जास्त खोदतो. म्हणजे 'शंभर वर्षांतल्या पुरासाठी तपासले' एवढे म्हणून भागत नाही. मधले पूरही तपासावे लागतात.

ओरोव्हिलचा धडा

उरलेल्या ऊर्जेकडे दुर्लक्ष केले तर काय होते, याचे अलीकडचे मोठे उदाहरण अमेरिकेतील कॅलिफोर्नियात घडले. ओरोव्हिल धरणाच्या मुख्य सांडव्याचे काँक्रीट फेब्रुवारी २०१७ मध्ये उखडले. तेव्हा ११ फेब्रुवारीला धरणाच्या इतिहासात प्रथमच आपत्कालीन सांडव्यावरून पाणी वाहिले. हा सांडवा म्हणजे टेकडीच्या माथ्यावरची काँक्रीटची एक लांब भिंत होती. तिच्यावरून पडलेले पाणी पुढे उघड्या डोंगरउतारावरून जाणार होते. भिंतीवर पाणी चढले होते जेमतेम अर्धा मीटर. प्रवाह होता सेकंदाला सुमारे ३६० घनमीटर, म्हणजे ज्या कमाल प्रवाहाचा विचार करून तो ठेवला होता त्याच्या पाच टक्क्यांहूनही कमी. तरी एवढ्या पाण्याने उतारावर घळी पडल्या आणि त्या खणत खणत भिंतीच्या पायाकडे मागे सरकू लागल्या. १२ फेब्रुवारीला खालच्या भागातील सुमारे १,८८,००० लोकांना घरे सोडायला सांगावे लागले. सुदैवाने मुख्य सांडव्याचा विसर्ग वाढवून जलाशयाची पातळी उतरवता आली आणि भिंत टिकली.

भिंतीवरून किती पाणी गेले यापेक्षा ते कशावर पडले, हे येथे निर्णायक ठरले. दुरुस्ती कशी झाली तेही पाहण्यासारखे आहे. भिंतीच्या खालच्या अंगाला काँक्रीटचे पायऱ्यापायऱ्यांचे भक्कम आवरण घालण्यात आले. पण तेवढ्यावर अभियंते थांबले नाहीत. आणखी खाली, टेकडीच्या पोटात, एकमेकांत गुंतलेल्या खांबांची एक भिंत जमिनीत उतरवली. हेतू असा, की उरलेल्या ऊर्जेने खाली कोठे घळ पडलीच, तर ती मागे येताना या भिंतीपाशी अडावी. म्हणजे पायऱ्या बांधणाऱ्यांनीच पायऱ्यांवर पूर्ण विश्वास ठेवला नाही. आम्हाला हे शहाणपणाचे वाटते.

आपल्याकडच्या ओढ्यावर एवढा खर्च कोणी करणार नाही, हे उघड आहे. पण तत्त्व तेच. शेवटच्या पायरीपुढे दगडी किंवा काँक्रीटची फरसबंदी हवी. तिच्या टोकाला जमिनीत उतरलेली आडवी भिंत हवी. फरसबंदी आणि माती यांच्यामध्ये मोठ्या सुट्या दगडांचा पट्टा हवा, म्हणजे माती थोडी खचली तरी दगड त्या खड्ड्यात घरंगळून तो आपोआप भरतील. दोन्ही काठांना पुरेशा उंचीच्या पंखभिंती हव्यात. आम्ही पाहिलेल्या बंधाऱ्यात पायऱ्या सुबक होत्या, आणि या चारांपैकी एकही गोष्ट नव्हती.

पायऱ्यांच्या आवाक्याबाहेरचे शत्रू

तिसरा आक्षेप असा, की पात्र खचण्याची सगळी कारणे वरून पडणाऱ्या पाण्यात नसतात. पायऱ्यांचे कौतुक करताना बाकीची कारणे झाकली जातात.

पहिले कारण जमिनीखालून वाहणारे पाणी. बंधाऱ्याच्या मागे पाणी साठले की त्याचा दाब पायाखालच्या वाळूतून वाट शोधतो, आणि खालच्या बाजूला वर येताना मातीचे कण उचलून नेतो. एकदा नळीसारखी वाट पडली की पाया पोकळ होतो. चिनाब नदीवरचा खानकी बंधारा १८९५ मध्ये आणि गंगेवरचा नरोरा बंधारा १८९८ मध्ये पायाखालच्या अशाच पाण्याच्या करणीने निकामी झाला. या अपयशांतून शिकत पुढे ए. एन. खोसला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाझरणाऱ्या पायावरच्या बंधाऱ्यांचे शास्त्र रचले. १९३६ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा ग्रंथ अभियंत्यांच्या पिढ्यांनी अभ्यासला. भारतीय भूमीवर घडलेले हे अस्सल संशोधन आपल्या विज्ञानाच्या पुस्तकांत का येत नाही, हा वेगळ्या तक्रारीचा विषय आहे. येथे मुद्दा एवढाच, की वर कितीही पायऱ्या केल्या तरी या पाण्याला त्यांची खबरही नसते.

दुसरे कारण भुकेले पाणी. वाहत्या नदीची बरीच ऊर्जा वाळू-गोटे वाहून नेण्यात खर्च होत असते. बंधारा वाळू अडवतो आणि नितळ पाणी पुढे सोडतो. ओझे उतरवलेल्या हमालासारखे ते पाणी मोकळे असते आणि पुढच्या पात्रातून नवे ओझे उचलते. त्यामुळे बंधाऱ्यापासून बऱ्याच दूरपर्यंत पात्र हळूहळू खोल जाते. पात्र खोल गेले, की शेवटची पायरी अधांतरी लोंबते आणि खालच्या पाण्याची उशीही जाते. म्हणजे बांधताना बरोबर असलेला बंधारा काही वर्षांनी चुकीचा ठरू शकतो, आणि त्याचे कारण तो स्वतःच असतो.

तिसरे कारण काठ. बंधारा पात्रापेक्षा अरुंद असेल किंवा काठातला त्याचा खांदा तोकडा असेल, तर पाणी सिमेंट सोडून बाजूची माती पकडते. पायऱ्यांचा बंधारा मध्ये शाबूत उभा आणि ओढा शेजारून वाहतो आहे, हे दृश्य पाहिल्यावर कोणालाही हसू येईल. शेत गेलेल्या शेतकऱ्याला मात्र येणार नाही.

आणि चौथी गोष्ट, जी खचण्याची नाही पण नदीची आहे. कोकणात आणि सह्याद्रीच्या पायथ्याशी पहिल्या पावसात मासे प्रवाहाविरुद्ध वर चढतात. चढणीचे किंवा वलगणीचे मासे म्हणून ते सर्वांना ठाऊक आहेत. पाण्याची उशी नसलेली उंच, कोरडी पायरी त्यांना भिंतीइतकीच अडवते. डोंगरातल्या ओढ्यातही निसर्गाने पायऱ्या केलेल्या असतात. मोठे धोंडे एकमेकांत अडकून पायरी होते आणि प्रत्येक पायरीखाली डोह असतो. ऊर्जा डोहात जिरते, आणि मासा डोहात दम घेऊन पुढची उडी मारतो. आपण पायरी घेतली, डोह विसरलो.

या संदर्भात कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याची आठवण होते. त्यात पावसाळ्याआधी बर्गे काढून घेतात आणि पाऊस ओसरल्यावर पुन्हा बसवतात. पुराशी झुंजण्यापेक्षा पुराला बरीचशी वाट मोकळी करून द्यायची, म्हणजे पडण्याची उंचीही कमी आणि वाळूलाही वाट, असा तो विचार आहे. बर्गे वेळेवर काढले नाहीत तर त्याचीही फजिती होते, हे खरे. पण 'ऊर्जा कशी जिरवू' याआधी 'एवढी ऊर्जा एका जागी गोळा करण्याची गरज आहे का' हा प्रश्न तो विचारतो. तीन मीटरच्या एका बंधाऱ्याऐवजी ओढ्यात अंतराअंतराने एक-एक मीटरचे तीन बंधारे घातले तर काय होईल, याचाही विचार याच अंगाने करता येईल.

वर्गात करून पाहण्यासाठी

टीका करून थांबणे शिक्षकांच्या मासिकात शोभत नाही. म्हणून एक प्रयोग सुचवतो.

दहा सेंटिमीटर रुंद आणि पंधरा सेंटिमीटर उंचीचे दोन उतार लाकडाचे करा. दोघांचा चढ सारखा ठेवा. एक गुळगुळीत, दुसऱ्यावर अडीच सेंटिमीटरच्या सहा पायऱ्या. दोन्हींना बाजूच्या पट्ट्या लावा, म्हणजे पाणी सांडणार नाही. पायथ्याशी घमेल्यात किंवा ट्रेमध्ये बारीक वाळू सपाट करून ठेवा. पाणी निघून जाण्यासाठी कडेला खाच असू द्या. आता पंधरा लिटरची एक बादली पायऱ्यांवरून एका मिनिटात, सारख्या धारेने ओता. वाळूतल्या खड्ड्याची खोली पट्टीने मोजा. वाळू पुन्हा सपाट करून तीच बादली सात-आठ सेकंदांत ओता. पुन्हा मोजा. मग गुळगुळीत उतारावर दोन्ही वेळा तसेच करा.

ओतण्याआधी मुलांना अंदाज लिहून ठेवायला सांगा. चारही वेळा पाणी पंधरा लिटर, उंचीही तीच, म्हणजे वरची स्थितिज ऊर्जा तीच. मग खड्डे वेगळे का? हळू ओतताना क्रांतिक खोली पायरीच्या उंचीच्या साधारण एक तृतीयांश येते, भरभर ओतताना सव्वापटीहून अधिक. पाणी पायऱ्यांना सोडून वरून घसरू लागते ते डोळ्यांना दिसेल. पाचव्या वेळी वाळूवर पाच सेंटिमीटर पाणी उभे ठेवून भरभर ओता. पाण्याची उशी म्हणजे काय ते वेगळे सांगावे लागणार नाही. सहाव्या वेळी शेवटच्या पायरीपुढे सुपारीएवढ्या खड्यांचा पट्टा पसरा.

एक सावधगिरी मात्र मुलांना जरूर सांगावी. लहान प्रतिकृतीत पाण्यात हवा खऱ्या बंधाऱ्याइतकी मिसळत नाही आणि वाळूचे कणही त्या मापाने लहान केलेले नसतात. त्यामुळे या प्रयोगातले सेंटिमीटर वीसने गुणून खऱ्या खड्ड्याची खोली काढू नये. प्रयोगातून तुलना मिळते, आकडे मिळत नाहीत. प्रतिकृतीच्या मर्यादा ओळखणे हाही विज्ञानाचाच धडा आहे.

शेवटी

पायऱ्यांचा बंधारा वाईट आहे, असा निष्कर्ष कोणी काढू नये. योग्य जागी, योग्य उंचीच्या पायऱ्या आणि पायथ्याची पुरी व्यवस्था असेल तर तो गुळगुळीत उतारापेक्षा नक्कीच सरस आहे. पायथ्याचे कुंड त्यामुळे लहान करता येते आणि खर्च वाचतो. आमची हरकत आहे ती अर्ध्या कामाला पूर्ण काम म्हणण्याला. पायऱ्यांमुळे कुंड लहान होते. कुंडाची गरज संपत नाही.

त्या दिवशी शिक्षिकेने विचारलेल्या प्रश्नावर आम्ही ओढ्याकाठी उभे राहून जे उत्तर दिले, ते खरे तर पुरेसे नव्हते. आम्हीही 'बहुतेक ऊर्जा नष्ट होते, थोडी उरते' असेच काहीसे म्हणालो होतो. 'थोडी' किती, याचा हिशेब घरी येऊन केला, तेव्हा ४८ किलोवॉटचा आकडा समोर आला आणि आपणही टक्केवारीच्या भाषेत किती सहज घसरतो हे जाणवले. वाचकांपैकी कोणाच्या गावाजवळ असा बंधारा असेल तर त्यांनी विद्यार्थ्यांना घेऊन पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर तेथे जावे. पाणी वाहत नसताना, दोरी आणि काठी घेऊन, शेवटच्या पायरीखालच्या खड्ड्याची खोली आणि काठाचे अंतर मोजावे, वहीत तारखेसह लिहावे, आणि दर वर्षी हे करावे. चार-पाच वर्षांत त्या वहीत जे जमेल, ते कोणत्याही माहितीफलकावरच्या टक्केवारीपेक्षा त्या ओढ्याविषयी अधिक खरे सांगेल.